एकाच चेटकिणीबद्दल इतकी टोकाची मते का पडतात?

प्रश्न असा आहे: यंग ॲडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या गटातली एक फँटसी कादंबरी. नायिका सोळा वर्षांची, चेटकिणींच्या घराण्यातली. जादू केली की दर वेळी तिची एक आठवण कायमची पुसली जाते. तीन भागांच्या मालिकेतला हा पहिला भाग. वाचकांचे अभिप्राय चाळले तर अर्धे लोक 'रात्रभर जागून संपवले' म्हणतात आणि बाकीचे 'शंभर पानांवर ठेवून दिले' म्हणतात. सरासरी ३.६५ तारे. यात विश्वास कोणावर ठेवायचा? आणि वाचून झाल्यावर आपला अभिप्राय कसा लिहायचा, म्हणजे तो पुढच्या वाचकाच्या कामी येईल?

दोन्ही बाजू खरे सांगत असण्याचीच शक्यता जास्त. चेटकिणीची कादंबरी एकाच मुखपृष्ठाखाली तीन-चार गोष्टींचे वचन देत असते: नियमांनी बांधलेली जादू, छळ झालेल्या बाईची कहाणी, वयात येणाऱ्या मुलीचे मन आणि बहुतेक वेळा एक प्रेमप्रकरण. वाचक यांतल्या एखाद्या वचनासाठी पुस्तक हातात घेतो आणि सगळे पुस्तक त्याच्यावरच तोलतो. म्हणून अभिप्राय वाचताना हा माणूस काय शोधत आला होता ते आधी ओळखा. आवडले-नावडले त्यानंतर.

सरासरीचा आकडा बाजूलाच ठेवा. समजा शंभर वाचक आहेत. एका पुस्तकाला ५५ जणांनी पाच तारे दिले, १० जणांनी चार, ५ जणांनी तीन, ५ जणांनी दोन आणि २५ जणांनी एक. दुसऱ्याला १५ जणांनी पाच, ४५ जणांनी चार, ३० जणांनी तीन, १० जणांनी दोन. एक तारा कोणीच दिला नाही. दोन्हींची सरासरी ३.६५ येते. पहिले पुस्तक वाचकांत उभी फूट पाडते, दुसरे बहुतेकांना बरे वाटते. तुम्ही सांगता ते पुस्तक पहिल्या जातीचे दिसते. अशा पुस्तकाबाबत 'चांगले आहे का' विचारून हाती काही लागत नाही. 'मी कोणत्या बाजूला पडेन' असे विचारावे लागते. त्यासाठी प्रत्येक ताऱ्याला किती मते पडली तो तक्ता उघडून बघा.

ताऱ्यांचा अर्थही सगळीकडे सारखा नसतो. गुडरीड्स या वाचकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर तीन तारे म्हणजे 'आवडले' आणि दोन म्हणजे 'ठीक होते'. नावडल्याचा तारा फक्त एक. पण अनेक वाचक परीक्षेतल्या गुणांसारखे तारे देतात, त्यांच्या लेखी तीन म्हणजे जेमतेम पास. म्हणून एखादा अभिप्राय महत्त्वाचा वाटला तर त्याच वाचकाने इतर आठ-दहा पुस्तकांना काय दिले ते बघा. सरसकट पाच देणाऱ्याचे चार म्हणजे तक्रार असते. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर पाव ताऱ्यापर्यंत बारकावा करता येतो आणि गती कशी, कथानकावर भर की पात्रांवर, हे वेगळे विचारले जाते. फूट पाडणाऱ्या पुस्तकासाठी ती माहिती ताऱ्यांपेक्षा जास्त बोलकी असते.

तारीखही तपासा. प्रकाशनाआधीचे अभिप्राय दोन प्रकारचे असतात. काहींना प्रकाशनपूर्व प्रत मिळालेली असते. या वाचकांनी पुस्तक खरेच वाचलेले असते, पण ते बहुधा त्या लेखकाच्या किंवा त्या प्रकाराच्या आवडीतलेच असतात, त्यामुळे सुरुवातीची सरासरी फुगते. दुसऱ्या प्रकारात पुस्तक कोणी वाचलेलेच नसते. मुखपृष्ठ, जाहिरात किंवा लेखकाबद्दलचा वाद यांवरून तारे पडतात. २०२३ मध्ये एका नवोदित फँटसी लेखिकेने खोटी खाती काढून इतर नवोदितांच्या पुस्तकांना एक-एक तारा दिल्याचे उघड झाले आणि प्रकाशकाने तिचे पुस्तक रद्द केले. हे टोकाचे उदाहरण झाले, पण बोध साधा आहे. एकही प्रसंग, पात्र किंवा पान न सांगणारा अभिप्राय, तो पाच ताऱ्यांचा असो की एकाचा, मोजणीत धरू नका.

आता वाचनाची पद्धत. तीस अभिप्राय पुरतात: तीन ताऱ्यांचे दहा, दोनचे आठ, चारचे सहा, आणि पाच व एक ताऱ्याचे प्रत्येकी तीन. मधल्या ताऱ्यांवर भर देण्याचे कारण असे, की तीन तारे देणाऱ्याला एकाच वेळी काय जमले आणि काय बिघडले ते दोन्ही सांगावे लागते. टोकाचा वाचक भावना सांगतो, मधला वाचक कारणे सांगतो. एका कागदावर तीन रकाने करा: तक्रार किंवा कौतुक कशाबद्दल, पुस्तकाच्या कोणत्या टप्प्यावर, आणि पुरावा दिला आहे का. पंधरा-वीस नोंदींनंतर तेच ते मुद्दे परत यायला लागतात. 'संथ आहे' हा शब्द दहा ठिकाणी सापडेल, पण त्यातले सहा जण पहिल्या ऐंशी पानांबद्दल बोलत असतील आणि चार जण मधल्या प्रवासाबद्दल. पहिल्या तक्रारीचा अर्थ लेखकाने जग उभारायला वेळ घेतला एवढाच असू शकतो. मधे संथ होणे जास्त गंभीर, कारण बहुधा तिथे नायिकेसमोर निवड करण्यासारखे काही उरलेले नसते. ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फक्त चालते. एकच मुद्दा कोणी कौतुक म्हणून आणि कोणी तक्रार म्हणून सांगत असेल, तर त्याला ठळक खूण करा. पुस्तकाचा स्वभाव तिथे कळतो.

चेटकिणीच्या कादंबरीत अशी खूण सर्वांत जास्त वेळा पडते ती जादूच्या किमतीवर. इथे जरा थांबले पाहिजे, कारण तुमच्या पुस्तकाबद्दलची फूट जवळजवळ नक्की इथेच आहे.

जादूला किंमत नसेल तर कथेत ताण राहत नाही. संकट आले की मंत्र म्हणायचा, सुटायचे. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मधल्या एका निबंधात हे नियम म्हणूनच मांडले. सारांश असा, की लेखकाला जादूने पेच सोडवायचा असेल तर ती जादू वाचकाला आधी तितकी समजलेली असली पाहिजे. धूसर, गूढ जादू चालते, पण तिने पेच निर्माण करावेत, सोडवू नयेत. 'शेवट फसवा वाटला' असे लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण नकळत हाच नियम मोडल्याची तक्रार करत असतात: शेवटच्या वीस पानांत नायिकेला अशी शक्ती सापडते जिची पूर्वसूचना कुठेच नव्हती.

आठवण गमावणे ही किंमत मात्र रक्त, थकवा किंवा आयुष्याची वर्षे देण्यापेक्षा वेगळी आहे, आणि लिहायला फार अवघड. रक्त सांडले तर नायिकेला कळते आणि वाचकालाही दिसते. आठवण गेली तर काय गेले ते खुद्द नायिकेलाच ठाऊक नसते. निवेदन 'मी' या रूपात असेल, आणि यंग ॲडल्ट कादंबऱ्यांत ते बहुधा तसेच असते, तर निवेदिकेला स्वतःचे नुकसान सांगताच येत नाही. वर्तमानकाळी निवेदनात ती विसरली, संपले. भूतकाळी निवेदनात उलटी अडचण: सगळे घडून गेल्यावर ती गोष्ट सांगते आहे आणि पुसलेल्या गोष्टीही तिला नीट आठवतात, म्हणजे मग किंमत खरी होती का? यातून वाट काढणारे लेखक नुकसान दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर दाखवतात.

कल्पनेने एक प्रसंग घेऊ. साठाव्या पानावर नायिका अंधारात आईचा हात मनगटावरच्या भाजल्याच्या व्रणावरून ओळखते. लहानपणी तिला वाचवताना तो व्रण झाला, हे आपल्याला तिथे कळते. शंभराव्या पानाच्या आसपास ती एक मोठा मंत्र वापरते. मग एकशे बाराव्या पानावर ती त्याच हाताकडे बघून सहज विचारते, 'हे कशाने झालं गं?' आई क्षणभर तिच्याकडे बघते आणि बाही खाली ओढून घेते. 'आठवण गेली' असे कोणीच म्हणत नाही. वाचकाला मात्र आईइतकेच कळलेले असते आणि नायिकेला काहीच नाही. किंमत पानावर उतरली, ती अशी.

हे जमले आहे का ते तपासायची रीत सोपी आहे. वाचताना पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर किंवा वहीत प्रत्येक मंत्राची नोंद करा: पान, मंत्र कशासाठी, कोणती आठवण गेली, ती आठवण आधी कधी दिसली होती, आणि नुकसान नंतर कुठे जाणवले. पहिल्या भागात असे सात-आठ मोठे मंत्र असले तरी नोंदीला एक पान पुरते. मग तीन दोष आपोआप उघडे पडतात. पहिला: गेलेली आठवण वाचकाने आधी पाहिलेलीच नसते. 'तिच्या सातव्या वाढदिवसाची आठवण गेली' असे वाक्य येते, पण तो वाढदिवस आपण कधी अनुभवलेलाच नाही, मग हळहळ कशाची? दुसरा: सोयीचे विसरणे. बिनमहत्त्वाच्या आठवणी जातात आणि कथानकाला लागणारी प्रत्येक गोष्ट, शत्रूचे नाव, गुप्त वाट, मंत्राचे शब्द, नेमकी शिल्लक राहते. तिसरा साधा निष्काळजीपणा: एकशे चाळीसाव्या पानावर बहिणीचे नाव विसरलेली मुलगी एकशे सत्तराव्या पानावर मनातल्या मनात त्याच नावाने तिला हाक मारते. हा तिसरा दोष संपादनात सुटलेला असतो आणि अभिप्रायात पान क्रमांकासह सांगितला तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्तही होऊ शकतो.

आता 'नायिका थंड वाटली, तिच्याशी नाते जुळले नाही' या तक्रारीकडे परत या. आठवणी जातात तसतसा तिचा स्वभाव विरळ होत जाणे हेच या कल्पनेचे मर्म असेल, तर शंभर पानांनंतर ती परकी वाटणे हा लेखकाचा हेतू असू शकतो. ज्यांनी पुस्तक तिथेच ठेवले आणि ज्यांनी रात्रभर जागून संपवले, त्या दोघांनी एकच गोष्ट अनुभवली. एकाला ती उणीव वाटली, दुसऱ्याला वेदना. फरक ओळखायची खूण म्हणजे भोवतालची पात्रे. नायिका बदलते आहे हे तिची मैत्रीण, आई, शत्रू यांच्यापैकी कोणाला दिसत असेल, कोणी तिच्याशी वेगळे वागत असेल, तर ते जाणून केलेले आहे. कोणालाच काही जाणवत नसेल तर पात्ररेखाटन कच्चे आहे. माझ्या मते चेटकिणीच्या कोणत्याही कादंबरीबद्दल अभिप्रायात एकच गोष्ट लिहायला जागा असेल तर ती किमतीबद्दल लिहावी. बाकी सगळे, प्रेम, युद्ध, घराण्याची रहस्ये, इतर फँटसीतही सापडते.

इतिहासाबद्दलची मते जपून घ्या. पूर्णपणे काल्पनिक जगातल्या कादंबरीला इतिहासाची फूटपट्टी लावायचे कारण नाही. पण पुस्तक स्वतःच चेटकिणींवरच्या खऱ्या खटल्यांचा हवाला देत असेल, आणि वाचक 'ऐतिहासिक अभ्यास उत्तम' म्हणत असतील, तर चार-पाच गोष्टी पडताळायला सोप्या आहेत. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ च्या चेटूक खटल्यांत कोणालाही जाळले गेले नाही. १९ जणांना फाशी दिली, त्यांत १४ बायका आणि ५ पुरुष होते. एका वृद्ध पुरुषाला अंगावर दगड रचून मारले. काही जण तुरुंगात मेले. इंग्लंडमध्ये चेटकासाठी शिक्षा होती फाशीची. जाळण्याची प्रथा स्कॉटलंडमध्ये आणि युरोपच्या मुख्य भूमीवर होती, आणि स्कॉटलंडमध्ये सहसा आधी गळा आवळला जाई. नव्वद लाख चेटकिणी मारल्या गेल्या हा आकडा अजूनही कादंबऱ्यांच्या प्रस्तावनांत दिसतो. तो अठराव्या शतकातल्या एका चुकीच्या हिशेबातून आला आहे. आजच्या इतिहासकारांचा अंदाज सुमारे ४० ते ६० हजारांचा आहे, आणि तो काही लहान नाही. मारल्या गेलेल्यांत बायका बहुसंख्य असल्या तरी आइसलँडमध्ये जवळजवळ सगळे पुरुषच होते. तेरा चेटकिणींचा मेळा ही कल्पना ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट मरे यांच्या १९२१ च्या सिद्धांताने रूढ केली. तो सिद्धांत इतिहासकारांनी पुढे फेटाळला.

याहून महत्त्वाची गोष्ट वयाची आहे. यंग ॲडल्ट कादंबरीत किशोरवयीन मुलगी बहुतेक वेळा आरोपी असते. सेलममध्ये आरोप करणाऱ्यांत मुली होत्या: बेटी पॅरिस ९ वर्षांची, ॲबिगेल विल्यम्स ११-१२ वर्षांची, ॲन पुटनम १२ वर्षांची. इंग्लंडमध्ये १६१२ च्या पेंडल खटल्यात सुमारे ९ वर्षांच्या जेनेट डिव्हाइसच्या साक्षीवर तिच्या आईला फाशी झाली. आरोपींतही मूल नव्हते असे नाही. सेलममध्ये चार-पाच वर्षांच्या डोरोथी गुडला बेड्या घातल्या होत्या आणि तिच्या आईला फाशी दिली. भीतीपोटी बोट दाखवणारी मुलगी हे पात्र कादंबरीत असेल आणि लेखकाने तिला नुसती खलनायिका केले नसेल, तर त्याची दखल अभिप्रायात जरूर घ्या. या प्रकारात इतके प्रामाणिक लेखन कमी वेळा होते.

चेटूक हा आपला धर्म मानणारे विक्का पंथाचे वाचकही मते देतात. ब्रिटनमधला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर हा पंथ उघडपणे वाढला. विधी, वनस्पती, ऋतूंचे सण यांच्याबद्दल त्यांनी दाखवलेल्या चुका पडताळण्याजोग्या असतात. कथेतल्या जादूला ते मापदंड लावता येतीलच असे नाही.

वयोगटाचा मुद्दा अभिप्रायांत सर्वांत जास्त गोंधळ घालतो. यंग ॲडल्ट म्हणजे साधारण १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठीचे लेखन. पण २०१२ मध्ये बोकर या संस्थेच्या पाहणीत या पुस्तकांचे ५५ टक्के खरेदीदार १८ वर्षांचे किंवा त्याहून मोठे निघाले. म्हणजे 'नायिका मूर्खासारखी वागते' असे लिहिणारा बऱ्याचदा तिशीतला असतो. सोळा वर्षांच्या मुलीने चुकीच्या माणसावर विश्वास ठेवणे हा लेखनातला दोष ठरत नाही. कसोटी अशी लावा: त्या पानापर्यंत तिला जे ठाऊक होते, त्यात तिची निवड पटते का? वाचकाला प्रस्तावनेतून खलनायक कळला आहे आणि तिला कळलेला नाही, तर आपली चिडचिड आपल्या जास्तीच्या माहितीमुळे आहे. पण बाराव्या प्रकरणात तिने स्वतः पाहिलेली गोष्ट ती विसाव्या प्रकरणात कारणाशिवाय विसरत असेल, तर ती लेखकाची सोय आहे. तुमच्या पुस्तकात तर विसरण्याला कारण आहे, म्हणून इथे तुमची मंत्रांची नोंद पुन्हा कामाला येते: ती विसरली ते जादूमुळे की लेखकाला अडचण होती म्हणून?

मुलांसाठी पुस्तक निवडणारे पालक आणि शिक्षक अभिप्राय वाचतात ते वेगळ्या कारणासाठी, आणि त्यांना 'थोडे गडद आहे' या शब्दांनी काहीही कळत नाही. या प्रकारात ठरावीक गोष्टी येतात: रक्ताची जादू, म्हणजे स्वतःच्या शरीरावर वार करून मंत्र करणे, छळाचे किंवा शिक्षेचे प्रसंग, आणि कित्येक शतके जगलेल्या पुरुषाचे सोळा वर्षांच्या मुलीशी प्रेम. पहिल्याबद्दल लिहिताना जखम किती तपशिलात आहे आणि ती सुटका म्हणून दाखवली आहे की किंमत म्हणून, एवढे दोन वाक्यांत सांगा. स्वतःला इजा करण्याच्या विचारांशी झगडणाऱ्या वाचकासाठी हा फरक मोठा आहे. प्रेमप्रकरणात वय, ताबा आणि संमती यांच्याकडे कथा स्वतः डोळसपणे बघते का ते लिहा.

मालिकेचा पहिला भाग अधांतरी संपला म्हणून एक तारा देणारे पुष्कळ असतात. अधांतरी शेवट आणि अपुरे पुस्तक यांत फरक आहे. पहिल्या भागाने स्वतःचा एक प्रश्न उभा केला असला पाहिजे आणि त्याचे उत्तर त्याच भागात दिले पाहिजे. मोठा प्रश्न पुढे गेला तरी चालतो. नायिकेने जादू वापरायची की नाही हा या भागाचा प्रश्न असेल आणि शेवटी तिने कायमचा निर्णय घेतला असेल, तर शत्रू अजून जिवंत असला तरी भाग पूर्ण आहे. तीनशे पानांनंतर ती पहिल्या प्रकरणातल्याच कुंपणावर बसलेली असेल, तर तक्रार रास्त आहे.

मराठी अनुवाद वाचत असाल तर भाषेबद्दलचे मत वेगळे काढा. इंग्रजीतला 'विच' हा शब्द आज अनेक जणी अभिमानाने स्वतःसाठी वापरतात. 'चेटकीण' या शब्दाला अजून बालकथेतल्या नाकाड्या म्हातारीचा आणि शिवीचा वास आहे. मूळ कथेत नायिका तो शब्द हळूहळू आपलासा करत असेल, तर अनुवादात पहिल्या पानापासून तो सपाटपणे वापरल्याने तिचा अर्धा प्रवास पुसला जातो. मंत्रांचेही तसेच. यमकाचा मंत्र गद्यात उतरवला की शक्ती जाते, आणि उगाच संस्कृतात नेला की ती मुलगी पुरोहितासारखी बोलायला लागते. अशा जागा अनुवादकाच्या आहेत. त्यांचे तारे लेखकाच्या खात्यातून कापू नका.

आता तुमचा अभिप्राय. पुस्तक संपल्यावर दोन-तीन दिवसांत लिहा. त्याच रात्री लिहिलेल्या अभिप्रायावर शेवटच्या प्रकरणाचाच रंग चढतो, महिन्याने लिहिला तर प्रसंग निसटलेले असतात. लांबी २५० ते ४०० शब्द. सुरुवातीच्या दोन वाक्यांत पुस्तक कशाचे वचन देते ते सांगा, म्हणजे चुकीचा वाचक तिथूनच परत जाईल. गोष्टीचा सारांश ६०-७० शब्दांच्या वर नेऊ नका. मलपृष्ठावर तो असतोच. मग एक प्रसंग निवडा आणि तो जवळून दाखवा. मग एक दोष, जागेसह. शेवटी पुस्तक कोणाला आवडेल आणि कोणाला नाही. रहस्यभेदाचा साधा नियम: पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात घडलेले मोकळेपणाने सांगता येते, त्यापुढचे घटनेचे नाव न घेता, तिच्या परिणामावरून सांगावे. पुस्तक अर्धवट सोडले असेल तर कोणत्या पानावर आणि का, हे पहिल्याच ओळीत लिहा. तो अभिप्रायही मोलाचा असतो, फक्त न वाचलेल्या भागावर त्यात निकाल नको. प्रत फुकट मिळाली असेल तर तसे नमूद करा, आणि प्रकाशनपूर्व प्रतीतली वाक्ये उद्धृत करू नका, कारण छापील पुस्तकात ती बदललेली असू शकतात.

फरक समजावा म्हणून एक नमुना. असे लिहिले जाते: 'जादूची कल्पना भन्नाट! पण नायिकेशी कनेक्ट झाले नाही, मधे खूप बोअर झाले. तीन तारे.' यातून पुढच्या वाचकाला निर्णय घेता येत नाही. तेच मत असे लिहिता येते: 'जादूच्या बदल्यात आठवणी द्याव्या लागणाऱ्या मुलीची ही गोष्ट आहे, आणि ती किंमत पुस्तक खरोखर वसूल करते. आईच्या हातावरच्या व्रणाचा प्रसंग त्यासाठी वाचावा. पहिल्या चार मंत्रांत गेलेली प्रत्येक आठवण आपण आधी पाहिलेली असते, म्हणून ती गेल्यावर लागते. पाचव्यापासून आठवणींची नुसती यादी येते आणि डोंगरातल्या प्रवासाची साठेक पाने नायिका काहीच ठरवत नाही. माझे लक्ष तिथे उडाले. ती हळूहळू परकी होत जाते, ते जाणून केलेले आहे, कारण मैत्रिणीला ते दिसते. नायिकेवर जीव जडल्याशिवाय ज्यांना वाचवत नाही, त्यांना हा भाग जड जाईल. मंत्रासाठी हात कापण्याचे दोन प्रसंग तपशिलात आहेत.' तारे तेच तीन, शब्द शंभराच्या आत. पण जागून वाचणाऱ्यालाही आणि शंभर पानांवर सोडणाऱ्यालाही यातून आपली बाजू आधीच कळते.

लेखकाला उद्देशून लिहू नका, आणि पुस्तक नावडल्याचा अभिप्राय समाजमाध्यमावर टाकताना लेखकाला टॅग करू नका. अभिप्राय वाचकांसाठी असतो. ज्यांना पुस्तक आवडले किंवा आवडले नाही त्या इतर वाचकांवर शेरे मारणेही टाळा. 'ज्यांना हे कळले नाही त्यांनी वाचूच नये' या एका वाक्याने चांगला लिहिलेला अभिप्राय वाया जातो.

मालिकेचा पुढचा भाग आला की पहिल्या भागाच्या अभिप्रायाकडे परत जा. आठवणींच्या कथेत हे विशेष लागू पडते, कारण सोयीचे विसरणे वाटलेली जागा दुसऱ्या भागात मुद्दाम पेरलेली निघू शकते. मूळ मजकूर खोडू नका. त्याखाली तारीख घालून दोन ओळी वाढवा: कोणत्या पानाबद्दलचे मत बदलले आणि दुसऱ्या भागातल्या कोणत्या प्रसंगामुळे. तारे बदलायचे असतील तर तेही तिथेच कारणासह लिहा, आणि मंत्रांची नोंद असलेले ते पान तिसऱ्या भागासाठी जपून ठेवा.